लिटरला चोवीस, लिटरला पंधरा

कुनिएदाबाईंबद्दल मी काही चांगलं लिहीन अशी आशा कुणी ठेवू नये. बाई चांगल्या आहेत हे सगळं मिनो गाव सांगतं, त्यात माझी भर कशाला? मला त्या का सहन होत नाहीत आणि त्यापायी मी काय करून बसलो, ते मी सांगणार आहे.

आमचं गॅरेज नदीच्या पुलाला लागून. मालक ओगिनो, फोन घेणाऱ्या मालकीणबाई, मी आणि कुनिएदाबाई, एवढीच माणसं. मी तिथे तेवीस वर्षं आहे. बाईंना चार झाली. तेवीस वर्षांत फोनवर कुणी "हिराइवासान आहेत का?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. लोक म्हणायचे, "गॅरेज ना? गाडी आणतोय." आता फोन वाजतो आणि मालकीणबाई ओरडतात, "कुनिएदासान, तुम्हाला विचारतायत!" मी गाडीखाली आडवा असतो. मला सगळं ऐकू येतं.

बाई आधी जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात होत्या. भाताचा पट्टा समोरून सरकायचा आणि प्रत्येक डब्यात एक खारवलेलं आलुबुखार ठेवायचं, हे काम अकरा वर्षं. पट्टा अडला की मेकॅनिक शहरातून येईपर्यंत याच त्याचं झाकण उघडून बसायच्या, आणि मेकॅनिक पोचेपर्यंत पट्टा चालू झालेला असायचा. नवरा कामासाठी म्हणून ओसाकाला गेला तो परतला नाही. चाळिशी आल्यावर बाईंनी मेकॅनिकची परीक्षा दिली. वर्गात सगळी मुलाच्या वयाची पोरं, त्यात या पहिल्या आल्या. हे मला मालकांनी किमान सहा वेळा ऐकवलंय.

गिऱ्हाइकाच्या गाडीत बसताना आम्ही सीटवर प्लास्टिक घालतो. बाई प्लास्टिक तर घालतातच, वर बूट काढून वर्तमानपत्रावर ठेवतात आणि मोज्यांनी पेडल दाबतात. गिऱ्हाइकाने हे पाहिलं की विरघळलंच. शिवाय प्रश्न विचारतात. गाडीला काय झालं हे नाही, "सकाळी उठल्यावर काय करता?" असं. एका गाडीची छोटी बॅटरी सारखी उतरायची. मी ती दोनदा बदलली. बाईंनी घरच्या सुनेशी चहा पिता पिता गप्पा मारल्या, तर कळलं की सासूबाई रोज दुपारी बंद गाडीत बसून रेडिओवर कुस्त्या ऐकतात, कारण घरात टीव्हीवर नातवाचा कब्जा. मालक हसून हसून बेजार झाले. मीही हसलो. पोटात मात्र माझ्या दुखत होतं, ते चार दिवस दुखत राहिलं.

तर आता तोकोरो एइकिची. वय तेव्हा वर्षं ऐंशी. अडतीस वर्षं गावातली बस चालवली. त्यांच्या बसमध्ये उभ्या माणसाला कडी धरावी लागायची नाही असं जुने लोक सांगतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी हायब्रिड गाडी घेतली, ती माझ्याकडे यायची. हो, माझ्याकडे. तोकोरोसान हे माझं गिऱ्हाईक, आणि आमच्याकडे गाडी ज्याच्या हाताखाली तोच तिच्याबद्दल बोलणार, ही रीत आहे. त्यांचा एक नियम होता. रोज संध्याकाळी गाडी लावली की समोरच्या पडद्यावरचा त्या दिवसाचा ॲव्हरेजचा आकडा बघायचा आणि पेन्सिलीने वहीत लिहायचा. चोवीस पॉइंट तीन. चोवीस पॉइंट आठ. पाय हलका असल्याचा तो त्यांचा दाखला होता.

गेल्या मे महिन्यापासून आकडे बिघडले. एक दिवस चोवीस, दुसऱ्या दिवशी पंधरा, मग पुन्हा चोवीस. ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला मुलगा नोबुआकी नागोयाहून आला आणि त्याने वही चाळली.

"बाबा, हे काय? पंधरा? रस्ता तोच, गाडी तीच," तो म्हणाला. "तुमचा पाय जड झालाय. कुठलं पेडल कधी दाबायचं हे विसरायला लागल्याची ही पहिली खूण असते."

"माझा पाय?" तोकोरोसान म्हणाले. "माझ्या बसमध्ये लोक उभ्याने चहा प्यायचे."

"तेव्हा प्यायचे. हे बघा, गाडी दाखवून या. गाडीत दोष निघाला तर माझं काही म्हणणं नाही. नाही निघाला तर दोष तुमचा, आणि लायसन्स पोलीस ठाण्यात परत करायचं. एक्याऐंशीव्या वाढदिवसाला. कबूल?"

तोकोरोसान कबूल झाले. हे सगळं त्यांनी मला गॅरेजच्या बाकावर बसून सांगितलं, आवाज खाली करून. "ओगिनोसानना सांगू नका. घरची गोष्ट आहे." वाढदिवस सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी होता. लायसन्स गेलं की पत्नीला, सुमिएबाईंना, दवाखान्यात कोण नेणार, हा खरा घोर होता. सुमिएबाईंची किडनी वसंतात गेली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, नदीपलीकडे डायलिसिस.

मी गाडी तपासली. मन लावून तपासली, हे मी कुणापुढेही छाती ठोकून सांगेन. टायरमधली हवा, ब्रेक धरून राहतात का, प्लग, एअर फिल्टर, ऑईल. या गाडीला दोन जीव असतात, पेट्रोलचं इंजिन आणि मागच्या सीटपाठची मोठी बॅटरी. बॅटरी तापली की ती काम टाळते आणि सगळा भार इंजिनावर येतो. म्हणून तिला गार हवा देणारा एक पंखा असतो, तो गाडीतलीच हवा सीटच्या उजव्या कडेच्या जाळीतून ओढतो. तो पंखाही मी उघडला. धुळीचा कण नव्हता. गाडी मी डोंगरापर्यंत फिरवून आणली, तर लिटरला पंचवीस!

तीन आठवड्यांत तीनदा गाडी आली, तिन्ही वेळा चकचकीत. आमच्याकडे गाडी गॅरेजला न्यायची म्हणजे आधी घरी धुवायची, आतून झाडायची आणि आपलं सगळं सामान काढून ठेवायचं. आपल्या पसाऱ्याचा दुसऱ्याला त्रास नको. डॉक्टरकडे जाताना माणूस आंघोळ करून जातो, तसंच. तोकोरोसान तर पायपुसणीसुद्धा उन्हात वाळवून आणायचे. तिसऱ्या वेळी मी कागदावर लिहिलं, "गाडीत दोष नाही", आणि माझा शिक्का मारला.

त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. बराच वेळ वाचला, शब्द तीनच होते तरी.

"हिराइवासान, अजून एकदाच बघता का?" ते म्हणाले.

हे नेमकं मालकांनी ऐकलं. "हिराइवा, कुनिएदाबाईंना एकदा नजर टाकू दे ना," ते म्हणाले. "एकाला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "टाकू दे की," मी म्हणालो. "माझं काय जातंय?"

बाईंनी गाडीला हात लावला नाही. त्यांनी तोकोरोसानची वही मागून घेतली. मीही ती वही पाहिली होती. सगळ्या आकड्यांची सरासरी काढून परत दिली होती. बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, बाकावर ठेवलं आणि एकेक तारखेवर बोट ठेवत बसल्या.

"पंधरा सगळे मंगळवार, गुरुवार, शनिवारचेच आहेत," त्या म्हणाल्या. "या दिवशी काय असतं?"

मला ठाऊक होतं काय असतं. मी म्हणालो, "दवाखाना. पण रस्ता सपाट आहे. त्यात काही नाही."

"शनिवारी मी त्यांच्याबरोबर जाऊन येऊ का, हिराइवासान? तुमची हरकत नसेल तर?"

हे असं विचारणं मला सर्वांत जास्त खुपतं. तुमची हरकत नसेल तर! माणसाला धड चिडताही येत नाही.

शनिवारी काय झालं ते मला पुढे सुमिएबाईंनी सांगितलं; जाळीचं आणि आकड्यांचं तेवढं कुनिएदाबाईंकडून कळलं. त्या नेहमीप्रमाणे मागे उजवीकडे बसल्या होत्या, कारण ड्रायव्हरमागची जागा मानाची, आणि तोकोरोसाननी बायकोला दुसरीकडे कधी बसवलं नाही. सुमिएबाई आता एवढ्याशा राहिल्यात, वळणावर कलंडतात. म्हणून त्यांच्या आणि दाराच्या मध्ये एक जाड उशी खुपसलेली असायची, वर लोकरी पांघरूण, कारण डायलिसिसनंतर भर उन्हाळ्यातही थंडी वाजते. कुनिएदाबाई बूट काढून शेजारी बसल्या.

"या, या. पण इथे एक डास आहे हं," सुमिएबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"माझ्या कुशीशी. गाडी थोडी पुढे गेली की गुणगुणायला लागतो, दवाखाना येईपर्यंत थांबत नाही. मी यांना मेपासून सांगतेय."

पुढून तोकोरोसान म्हणाले, "डास बिस काही नाही. मला तर ऐकू येत नाही."

"अहो, तुम्हाला माझंही ऐकू येत नाही. त्यात डासाचा काय दोष?"

कुनिएदाबाईंनी कान लावला. मग उशी थोडी सरकवून खाली पाहिलं. खाली जाळी होती. उशी तिच्यावर गच्च दाबलेली, पांघरुणाचं टोक आत ओढलं गेलेलं, आणि पलीकडे पंखा हवेसाठी जिवाच्या आकांताने फिरत होता. जाताना लिटरला पंधरा पडलं. येताना बाईंनी सुमिएबाईंना स्वतःच्या खांद्याला टेकवलं, उशी आपल्या मांडीवर घेतली. फक्त परतीचा हिशेब बाईंनी मनातच मांडला: लिटरला तेवीस.

गॅरेजला येताना तोकोरोसान ती उशी आणि ते पांघरूण घडी घालून घरी ठेवत होते. मला त्रास नको म्हणून.

बाईंनी त्यांना तिथेच सांगून टाकलं असतं तर गोष्ट संपली होती. पण नाही! बाई म्हणाल्या, "कळलंय बहुतेक. हिराइवासान संध्याकाळी फोन करून सांगतील." मी एक बंद पडलेली गाडी ओढून आणायला गेलो होतो. परत आलो तर माझ्या टेबलावर चिठ्ठी, वर नट ठेवलेला. वळणदार अक्षर. उशी, जाळी, आकडे, सगळं लिहिलं होतं, आणि शेवटी: "गाडी तुमच्या हाताखालची आहे. त्यांना तुमच्याकडून कळणं योग्य. मी काही बोललेले नाही."

मी चिठ्ठी तीनदा वाचली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन वेळा मी गाडी उघडली, हात काळे केले, आणि या बाईने मागे बसून म्हातारीच्या गप्पा ऐकल्या, झालं. आता मी फोन करायचा आणि म्हणायचं, उशी होती हो. ते विचारणार, कुणी शोधलं? ते स्वतः गाडीत होते. त्यांना माहीत होतं कुणी शोधलं.

मी ठरवलं, फोन सोमवारी करायचा. गाडी बोलवायची, पुन्हा वर चढवायची, दोन तास तिच्याखाली घालवायचे, आणि मग मालकांसमोर हात पुसत म्हणायचं, "तोकोरोसान, मागे काही ठेवता का तुम्ही?" मधे दोन दिवस गेले की गोष्ट कुणाची होती हे धूसर होतं. मला तेवीस वर्षांत एकदा, एकदाच, माझ्या नावाने फोन यायला हवा होता.

सोमवार कुठला आहे हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची माझी फार इच्छा आहे. मला माहीत होतं. गॅरेजात तेवढं फक्त मलाच माहीत होतं. मी मनाला सांगितलं, वाढदिवस आहे, म्हातारा सकाळी शुभदिनाचा लाल भात खाईल, देवळात जाईल, पोलीस ठाण्याकडे दुपारनंतर वळेल. सबंध रविवार हेच घोकत मी अंगणातलं गवत काढलं. दहा वेळा तरी फोनपाशी गेलो असेन.

सोमवारी दहा वाजता मी फोन लावला. सुमिएबाईंनी उचलला.

"ते ना? ते गेले सकाळीच. साडेआठला खिडकी उघडते म्हणून आठलाच निघाले. म्हणाले, ठरलेलं काम ताटकळत ठेवायचं नाही."

अडतीस वर्षं बस चालवलेला माणूस वेळेच्या आधी पोचतो, हे मला कळायला हवं होतं.

"शनिवारी संध्याकाळी ते फोनजवळ बसून होते," सुमिएबाई म्हणाल्या. "जेवायलाही इकडेच घेतलं. मग म्हणाले, हिराइवासान भला माणूस, वाईट सांगायला जीभ रेटत नसेल त्यांची."

ठाण्यावर ते गाडी चालवत गेले होते. लायसन्स दिल्यावर गाडी परत चालवता येत नाही. ते बसने घरी आले. नंतर गॅरेजला फोन आला. मालकीणबाईंनी हाक मारली, "हिराइवासान, तुम्हाला विचारतायत!" माझ्या नावाने आलेला तो पहिला फोन. गाडी ठाण्यावरून आणून द्याल का, असं विचारत होते.

मी गेलो. गाडी धुतलेली होती. आत काही नव्हतं, पायपुसणी झटकलेल्या. ती त्यांच्या घरापर्यंत आणली तेव्हा पडद्यावर सव्वीस होते. दारात तोकोरोसाननी मला लायसन्सऐवजी मिळालेलं कार्ड दाखवलं, इतकी वर्षं गाडी चालवली असं सांगणारं. "फोटो तोच आहे बघा," ते म्हणाले. "फक्त चालवता येत नाही." आणि खोक्यात बांधलेली पर्सिमॉनची नारिंगी फळं माझ्या हातात ठेवली. तीन वेळा बघितलंत, फार तसदी दिली, म्हणून.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी पर्सिमॉन घेतली.

गॅरेजात कुनिएदाबाईंनी विचारलं, "शनिवारी बोलणं झालं का?"

"फोन लावला होता. उचलला नाही कुणी," मी म्हणालो. मग लायसन्सचं सांगितलं. वाढदिवसाचं नाही सांगितलं. बाईंनी हातातला पाना खाली ठेवला. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही त्या रडल्या नाहीत, पण चेहरा भाजल्यासारखा झाला.

"निदान त्यांचा पाय चांगला होता, एवढं तरी त्यांना सांगा," त्या म्हणाल्या.

"आता सांगून काय उपयोग? एक्याऐंशीव्या वर्षी लायसन्स परत मिळतंय थोडंच? उलट जन्मभर हळहळत बसतील. वेळ बघून सांगतो."

किती समजूतदार वाटलं ना? मलाही वाटलं. सांगितलं की ते विचारणार, कधी कळलं? शनिवारी. मग फोन का नाही केलात? मी फोन केला नव्हता हे त्यांना माहीत होतं, ते संध्याकाळभर फोनशेजारी बसले होते. म्हणून मी गप्प राहिलो, आणि माझी गाडी म्हणून बाईही गप्प राहिल्या. दोनतीनदा विचारलं त्यांनी, "सांगितलंत?" मी म्हणालो, सांगतो. मग विचारायच्या थांबल्या. बाईंनी एक पातळ उशी स्वतः शिवली, जाळीच्या वर थांबेल अशी, आणि सुमिएबाईंना भेट म्हणून दिली.

तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार मी त्यांची गाडी चालवतो. मीच मालकांना म्हणालो. मालक सगळ्या गावात सांगत सुटले, "आमच्या हिराइवासारखा माणूस नाही." आता फोन माझ्या नावानेही येतात.

आता फेब्रुवारी आहे. परवाच्या मंगळवारी दवाखान्यातून आलो, मी गाडी लावली. शेजारच्या सीटवर बसलेल्या तोकोरोसाननी चष्मा चढवला आणि पडद्याकडे पाहिलं.

"तेवीस पॉइंट सहा. थंडीत, हिटर लावून! तुमचा पाय हलका आहे हो, हिराइवासान. मी उगाच गाडीवर शंका घेत होतो. आपला पाय जड झालेला आपल्याला कळत नाही."

मागून सुमिएबाई म्हणाल्या, "आणि हे चालवायला लागल्यापासून तो डासही गेला."

"बघ, मी म्हणत होतो ना डास नाही म्हणून," तोकोरोसान म्हणाले. मी आरशात पाहिलं नाही. चावी हातात घेऊन बसून राहिलो.

तोकोरोसाननी वही मांडीवर उघडली. आकडा लिहिला. पूर्वी आकड्यापुढे नाव नसायचं, चालवणारा एकच होता. आता ते नाव लिहितात, म्हणजे कुणाच्या पायाचं श्रेय कुणाला हे नोबुआकी आला की त्याला दाखवता येतं. पेन्सिल ओली करून त्यांनी सावकाश, ठसठशीत अक्षरात लिहिलं, हिराइवा. ऑक्टोबरपासूनची सगळी पानं त्यांनी मला उलटून दाखवली. प्रत्येक ओळीला माझंच नाव होतं.